शालूबाईची मुंबई

"आबा, नेमकं कोठी उभे होते तुमी? इकडं का तिकडं?"

मयुरीच्या एका हातात मोबाइल होता आणि मोबाइलात तो जुना फोटो. दुसऱ्या हाताने आजोबांचा दंड धरून ती त्यांना गेटवेसमोरच्या फरशीवर कधी डावीकडे, कधी मागे अशी सरकवत होती, जुंपायच्या आधी बैलाला सरकवतात तशी. शेषराव मुकाट सरकत होते. समोर ती एवढी मोठी दगडी कमान, कमानीपलीकडे पाणी, पाण्यावर डुलणाऱ्या बोटी आणि चहूबाजूंनी माणसंच माणसं. हे सगळं ते जन्मात पहिल्यांदा पाहत होते, आणि पहिल्यांदा पाहतोय हे तोंडावर दिसू द्यायचं नव्हतं.

"इथीच कोठीतरी," ते म्हणाले.

"कोठीतरी नाई ना, आबा. मले नेमकी जागा पाह्यजे. जुना फोटो अन् नवा फोटो बाजूबाजूले लावाचा हाये."

"मंग हेच धर."

"हेच काऊन?"

"पाय म्हणून राह्यले का हेच हाये."

मागे पिशवी सांभाळत उभ्या असलेल्या जनकाबाई खुदकन हसल्या. "भाऊजीचे पाय लय हुशार व, मयुरी. डोक्याले आठवत नाई ते बरोबर पायाले आठवते."

शेषरावांनी वळून पाहिलं नाही. जनकाबाई त्यांच्या थोरल्या वहिनी, गोविंददादांच्या मागे राहिलेल्या. दिराला टोचून बोलायचा हक्क त्यांनी लग्न होऊन घरात आल्या दिवसापासून बजावला होता. शेषरावांना त्याची सवय होती. पण आज प्रत्येक टोमणा त्यांना काट्यासारखा लागत होता, कारण आज काटा नेमका दुखऱ्या जागेजवळून जात होता.

शेषराव आणि शालूबाई लग्नाच्या दुसऱ्या वर्षी चार दिवस मुंबई पाहून आले, हे देऊळघाटात लहानथोरांना ठाऊक होतं. त्या काळी गावातली माणसं मुंबईला जात ती दवाखान्यापायी, नाहीतर मोर्चात. नवराबायकोने नुसतं पाहायला जाणं म्हणजे नवलच होतं. आणि शालूबाईने ते नवल शेवटपर्यंत शिळं होऊ दिलं नाही. पापड लाटताना, शेतात निंदताना, वाकळ शिवताना बाया म्हणायच्या, "शालूबाई, मुंबईचं सांग ना व," आणि ती सांगायची. राणीच्या बागेतला हत्ती सांगायची. म्हातारीचा बूट सांगायची, एवढा मोठा की आत जिना, वर चढलं की समुद्र दिसतो. गेटवेवर शेषरावांच्या टोपीवर कबुतर येऊन बसलं आणि दशमीचा तुकडा घेतल्याशिवाय उठलंच नाही, ते सांगायची. त्यांचा मुलगा गजेंद्र लहानपणी रोज रात्री हीच कबुतराची गोष्ट मागायचा.

पुरावा म्हणून बैठकीत भिंतीवर फोटो होता. मागे गेटवे, पुढे कोट घातलेले शेषराव, त्यांच्या शेजारी पदर सावरून शालूबाई. उदबत्तीच्या धुराने काच पिवळी पडली होती.

आणि शेषरावांनी मुंबई कधी पाहिलीच नव्हती.

हे जगात दोघांना माहीत होतं. त्यातलं एक माणूस मागल्या हिवाळ्यात गेलं. पुढच्या महिन्यात तिचं वर्षश्राद्ध होतं. त्या दिवशी मांडवात मोठा टीव्ही लावून गावाला 'आजीची मुंबई' दाखवायची, हे मयुरीच्या डोक्यातून निघालं. जुन्या जागी जायचं, आबांना उभं करायचं, आजीने सांगितलेलं एकेक ठिकाण मोबाइलात धरायचं. गजेंद्रला ते इतकं आवडलं की त्याने कचेरीत रजा टाकली. शेषरावांनी एकच आडकाठी घालून पाहिली होती, की वर्षाच्या आत तीर्थाला जात नाहीत. त्यावर जनकाबाई म्हणाल्या होत्या, "मुंबई काई तीर्थ नाई, भाऊजी. निघा. अन् मी बी येतो. आमच्या जावेनं काय काय पाह्यलं ते मले एकदा पाहू द्या."

तेव्हापासून शेषरावांना धड झोप नव्हती. आपलं काय व्हायचं ते होवो. पण तिच्याच वर्षश्राद्धाला, तिच्याच मांडवात, भरल्या गावासमोर शालू खोटी पडायला नको.

"आबा, एक गोष्ट सांगा," मयुरी म्हणाली. तिने मोबाइल डोळ्यांजवळ नेला होता. "फोटोत हे दोन नारळाचे झाडं हायेत. ते कोठी गेले?"

शेषरावांनी इकडेतिकडे पाहिलं. नारळ काय, झुडूपही नव्हतं.

"तोडले," ते म्हणाले.

"कोणं?"

"म्युन्सिपालटीनं. दुसरं कोण तोडीन?"

"अन् हा डोंगर? कमानीच्या मागं डोंगर हाये ना फोटोत. एवढा मोठा."

"डोंगर..." शेषराव अडकले. पलीकडे पाणी होतं आणि पाण्यावर धुरकट झाक होती. "तो आता दिसत नाई. धुई लय हाये."

"डोंगर बी म्युन्सिपालटीनं तोडला असन," जनकाबाई म्हणाल्या. "बिल्डिंगी बांधाले गिट्टी लागते."

गजेंद्रची बायको वंदना आतापर्यंत रुमालाने घाम पुसत गप्प होती. ती शाळेत मास्तरीण, वर्ग हसला तरी स्वतः न हसण्याची सवय असलेली. ती सासऱ्यांना म्हणाली, "मामाजी, मले आपली त्या कोटाची काळजी वाटते. सासूबाई सांगत होत्या, मुंबईत घेतला अन् येतानी स्टेशनावर एका भिकाऱ्याले देऊन टाकला. तो भिकारी अजून कोट घालून हिंडत असन का हो इथी?"

"फाटला असन आता," शेषराव म्हणाले.

"चांगल्या कापडाचा दिसते. फाटत नाई असा."

"वंदना, बाबाले त्रास देऊ नको," गजेंद्र म्हणाला. तो सकाळपासून हरखलेला होता. स्टेशनात उतरल्या उतरल्या मान वर करून तो छताकडे पाहत राहिला होता आणि म्हणाला होता, "आई सांगे ना, देवळाच्या गाभाऱ्यावाणी छत हाये, तसंच निंघालं." मुलाचा तो चेहरा शेषरावांना पाहवला नव्हता. गाभाऱ्यासारखं छत शालूने कुठे पाहिलं होतं? तिला सांगितलं होतं मलकापूरच्या फलाटावर उतरलेल्या एका गुजराती बाईने. शेषराव तेव्हा शेजारीच भजी खात बसले होते.

"चला, मी चहा आणतो सगयाइले," गजेंद्र म्हणाला. "वंदना, चाल, बोटीचं बी विचारून येऊ."

ते दोघं गर्दीत शिरले. शेषराव कट्ट्याशी जाऊन टेकले. मयुरी फोटो मोठा करून करून पाहत होती. जनकाबाईंनी पिशवीतून फुटाण्यांची पुडी काढून तोंडात दोन टाकले.

पाण्याला एक कुबट, खारट वास होता. हा वास शालूने कधी सांगितला नव्हता. फलाटावर तिला हे कोणी सांगितलंच नसणार.

तेव्हाचं सगळं त्यांना लख्ख आठवत होतं. निघाले त्या दिवशी अर्धी गल्ली बुलढाण्याच्या एसटीपर्यंत पोचवायला आली होती. गोविंददादांनी आपली स्वतःची ट्रंक दिली होती. राजूरचा घाट उतरताना शालूला मळमळलं, पण ती हसत होती. मलकापूरला गाडी फलाटाला लागली तेव्हा दारात माणसं लोंबकळत होती. शेषरावांनी दांडी धरली, एक पाय पायरीवर ठेवला, आणि दुसरा पाय जमिनीवरून उचललाच गेला नाही. ज्या विहिरीत कोणी उतरत नाही तिच्यात उतरणारा गडी, साप शेपटीला धरून बांधापलीकडे भिरकावणारा. पण त्या लोखंडाची थरथर हातात आली आणि हात सुटला. गाडी निघून गेली.

शालू ट्रंकेवर बसली. आता ही रडणार, असं त्यांना वाटलं. ती म्हणाली, "उद्याची पाहू."

दुसऱ्या दिवशीही तेच झालं. मग त्यांनी गाडीचं नावच सोडलं. धर्मशाळेत राहिले, बाजार हिंडले, भजी खाल्ली. एका स्टुडिओत गेटवेचा रंगवलेला पडदा होता. फोटोवाल्याने स्वतःचा कोट शेषरावांना चढवला आणि त्या पडद्यापुढे दोघांना उभं केलं. उरलेला वेळ शालू फलाटावर. मुंबईहून आलेली गाडी थांबली की उतरणाऱ्या बायांना ती तांब्याभर पाणी द्यायची आणि विचारायची, "बाई, काय काय पाह्यलं व मुंबईत?"

परत निघताना ती म्हणाली होती, "गावात सांगू का जाऊन आलो. तुमी काई बोलू नोका. बोलाचं काम माह्यं."

त्यांनी ते पाळलं. मुंबईचा विषय निघाला की शेषराव गप्प. लोक म्हणायचे, शेषराव गंभीर माणूस, एवढी मुंबई पाहून आला पण फुशारकी नाही. आणि शालूबाईला म्हणायचे, बाई बढाईखोर. ते तिने हसून अंगावर घेतलं. नवरा गाडीला भ्याला, हे मात्र तिने कोणाच्या कानावर जाऊ दिलं नाही.

"आबा."

मयुरीचा आवाज बदलला होता. शेषरावांनी मान वर केली.

"आबा, समुद्राले चुणी पडली हाये."

"काय?"

"हे पाहा. फ्रेममधी हा खालचा भाग झाकलेला होता. मी काल फोटो बाहेर काढला तवा मोकळा झाला." तिने मोबाइल त्यांच्यापुढे धरला. शेषरावांना चष्म्याशिवाय काही दिसत नव्हतं, पण पाहायची गरजही नव्हती. "कमानीच्या पायापासून तुमच्या चपलेपर्यंत चुणी हाये. अन् खाली हा काठ. शिवलेला. समुद्राले कोणी काठ शिवते का, आबा?"

शेंगदाणेवाला ओरडत गेला. कुठलीशी बोट भोंगा वाजवून निघाली.

"हा पडदा हाये," मयुरी हळूच म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, पण पोरीच्या डोळ्यांत पाणी यायच्या बेतात होतं. आजीच्या मांडीवर डोकं ठेवून तिनेही हीच मुंबई ऐकली होती. "म्हणजे तुमी... आजी..."

"चहा!" गजेंद्र चहाचे कागदी कप सांभाळत गर्दीतून येत होता, मागे वंदना. "घ्या लवकर, हात भाजून राह्यले. काय झालं व, मयुरी? तोंड काऊन असं केलं?"

मयुरीने आजोबांकडे पाहिलं, मग बापाकडे. शेषरावांनी कप घेतला. आता सांगावंच लागणार, आणि बोलायचं काम त्यांचं कधी नव्हतंच.

"काय होते?" जनकाबाई फुटाणा चावत म्हणाल्या. "तुही पोरगी वकील झाली. तिनं पकडलं का हा फोटो मलकापूरचा हाये."

शेषरावांच्या कपातला चहा बोटांवर सांडला.

"मलकापूरचा?" गजेंद्र म्हणाला.

"मंग! तुले ठाऊक नाई? अरे, इथी फोटोवाला आला तवा तुह्या मायनं पदर असा ओढला असा ओढला, का फोटोत निरं लुगडंच आलं. मुंबईच्या माणसानं फोटो काढाचा म्हटल्यावर लाजली. नवीनच होती ना. मंग येतानी मलकापूरले उतरले, अन् तथी स्टुडिओत हाच पडदा. तुही माय म्हणे, हेच त पाहून आलो आपण, इथी काढू. म्हणून तथी काढला."

"आई त असं कधी बोलली नाई."

"तुले काऊन सांगन? लाजल्याचं कोणी पोराले सांगते का? मले सांगतलं. जावेले."

गजेंद्रने बापाकडे पाहिलं. "हाव का, बाबा?"

शेषरावांनी बोटांवरचा चहा पुसला. "पदर ओढला होता तिनं," ते म्हणाले. "फोटोवाला दोनदा खेकसला."

हे अगदी खरं होतं. कुठला फोटोवाला, ते कोणी विचारलं नाही.

मयुरी अजून तिघांकडे आळीपाळीने पाहत होती. जनकाबाईंनी फुटाण्यांची पुडी तिच्यापुढे केली. पोरीने दोन उचलले, पण खाल्ले नाहीत. मग डोळे पुसून ती म्हणाली, "हाव, पप्पा. मले बी आजी एकदा म्हणली होती. मी विसरलीच होती."

"अशी कशी विसरली व? मी इकडे घाबरलो ना!" गजेंद्र मोकळा हसला. "मंग त लय चांगलं. एक पडद्यावालं अन् एक खरं. गाव पाहत राहीन."

"म्हणजे कोट बी मलकापूरचाच," वंदना चहा फुंकत म्हणाली. तिने सासऱ्यांकडे पाहिलं, आणि कितीतरी दिवसांनी तिच्या तोंडावर हसू दिसलं. "चला, भिकाऱ्याची काळजी मिटली."

"तू चहा पी," शेषराव म्हणाले.

फोटोची जागा आता मयुरीने स्वतःच ठरवून टाकली. तिने आजोबांना कमानीकडे पाठ करून उभं केलं. "इथीच. तुमचे पाय म्हणत होते ना, इथीच," ती गंभीरपणे म्हणाली आणि आजोबांची टोपी सरळ केली. शेषरावांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

"अन् कबुतर?" गजेंद्र म्हणाला. आजूबाजूला पुष्कळ कबुतरं होती. फरशीवर ती माणसांच्या पायांतून हिंडत होती. "बाबा, कबुतर कसं बसलं होतं? आपोआप आलं का तुमी बोलावलं?"

"आपोआप," शेषराव म्हणाले.

"आपोआप नाई काई," जनकाबाई पुढे झाल्या. "थांबा, भाऊजी. हालू नोका." आणि कोणाला कळायच्या आत त्यांनी मूठभर फुटाणे शेषरावांच्या टोपीच्या खळग्यात ओतले.

"वयनी, हे काय करून राह्यल्या?"

"हालू नोका म्हटलं ना. चार माणसात कसं उभं राहाचं ते मी शिकवू का आता?"

शेषराव देवळातल्या खांबासारखे ताठ उभे राहिले. येणारेजाणारे थांबून पाहू लागले. दोन पोरी हसल्या. तेवढ्यात शिट्टी वाजवत एक गार्ड आला.

"ओ मावशी, कबुतरांना दाणे टाकायचे नाहीत. दंड होईल."

"टाकले कोठी, बाप्पा?" जनकाबाई म्हणाल्या. "जमिनीवर एक दाणा दाखव. आमच्या दिराच्या टोपीवर ठेवले. टोपी आमच्या देऊळघाटची हाये, तुह्या मुंबईची नाई."

गार्डने टोपीकडे पाहिलं, जनकाबाईंकडे पाहिलं. "कुठलं म्हणालात?"

"देऊळघाट. बुलढाण्याच्या जवय."

"असं का आणलं आजोबांना उन्हात, टोपीवर फुटाणे ठेवून?"

"नवस हाये त्याइचा," जनकाबाई न अडखळता म्हणाल्या.

गार्डला हसू फुटलं. "लवकर फेडा नवस, आजोबा. साहेब येतील," तो म्हणाला आणि पाठ करून उभा राहिला.

आणि कबुतर आलं. वरून आलं की मागून, कळलं नाही. एकदम पंख फडफडले, टोपी दबली, चार फुटाणे शेषरावांच्या नाकावरून घरंगळले. "बसलं! बसलं! मयुरी, काढ!" गजेंद्र लहान पोरासारखा ओरडला. त्या ओरडण्याने कबुतर भडकून उडालं, आणि उडताना टोपीवर आपली खूण ठेवून गेलं.

फोटोत कबुतराचा एक पंख आला आणि शेषरावांचे मिटलेले डोळे.

पण गजेंद्रला त्याचं काही नव्हतं. तो वंदनाचा हात धरून पुन्हा पुन्हा म्हणत होता, "पाह्यलं ना? आई सांगे तसंच. तसंच बसलं, वंदना." मोठा माणूस, डोक्यावर टक्कल पडू लागलेलं, पण आवाज मांडीवर ऐकलेल्या गोष्टीतला. वंदनाने हात सोडवून घेतला नाही. "हाव. तसंच," ती म्हणाली.

टोपी धुवायला मयुरीने नेली. गजेंद्र आणि वंदनाही तिच्याबरोबर पाण्याचा नळ शोधायला गेले. शेषराव बोडक्या डोक्याने कट्ट्यावर बसले, शेजारी पिशवी, पिशवीपलीकडे जनकाबाई.

"वयनी," शेषराव म्हणाले, "कवापासून ठाऊक होतं?"

"काय?"

"आता काय म्हणू नोका."

जनकाबाईंनी पुडीतले शेवटचे फुटाणे तळहातावर घेतले, निम्मे त्यांना दिले. "माहा भाऊ मलकापूरले कापसाच्या जिनिंगवर होता. विसरले तुमी. तुमी गावात याच्या आधीच त्यानं निरोप धाडला होता, का तुहा दीर अन् जाऊ फलाटावर भजे खाऊन राह्यले, मुंबईले नाई गेले."

"अन् तुमी इतके वर्सं..."

"मी म्हटलं, येऊ दे, पाहतो कशी थाप मारते. मले त तिची फजितीच कराची होती, खोटं कशाले बोलू. आली. चुलीपाशी बसली. अन् त्या म्हातारीच्या बुटाचं जे सांगाले लागली, भाऊजी, का माही भाकर जळाली." जनकाबाई हसल्या, मग हसू तसंच राहून गेलं. "तुमच्या भावानं मले कधी राजूरचा घाट उतरू देला नाई. मी कोठी पाह्यणार होती मुंबई? तिचं तोंड बंद केलं असतं, त मंग मले कोणं सांगतलं असतं? म्हणून मीच विचारत जाये. पापडाच्या वेळी पहिल्यांदा मीच म्हणे, शालू, सांग व मुंबईचं. दरसाल काई ना काई नवीन घाले त्यात. एका वर्सी त हत्तीनं तिच्या गळ्यात हार घातला होता."

"हत्तीनं?"

"तुमी तथी नव्हते तवा. बैलाइले पाणी पाजाले गेलते, म्हणे."

"राणीच्या बागेत बैल?"

"तेच मी म्हटलं. तिनं म्हटलं, बाई, तुमी मधी मधी बोलू नोका."

शेषराव हसायला गेले आणि ते त्यांना नीट जमलं नाही. मग ते म्हणाले, "वयनी, तिले सगये बढाईखोर म्हणत. पण ते तिनं तिच्यासाठी नाई केलं. मी..."

"मालूम हाये."

"नाई, तुमाले हे नाई मालूम. गाडी आली तवा..."

"भाऊजी," जनकाबाई म्हणाल्या, "काल मलकापूरले गाडीत चढतानी तुमी दांडी धरून उभे राह्यले. हात कापत होता. तवा मागून कोण म्हणलं, चढा, मागं मी हाये?"

काल शेषरावांना वाटलं होतं, वहिनी घाई करतायत.

"माह्या भावानं तेबी सांगतलं होतं," त्या म्हणाल्या. "तिनं झाकलं, मंग मी कशाले उघडू? सरका तिकडं, ते आले पाहा."

मयुरी ओली टोपी झटकत येत होती. मागून गजेंद्र हाका मारत होता, की बोटीला लय मोठी रांग हाये, आता आधी म्हातारीचा बूट पाहून घेऊ, टॅक्सी तयार हाये. मयुरीने टोपी आजोबांच्या डोक्यावर ठेवली. ती गार लागली.

"चाला, भाऊजी," जनकाबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "दाखवा बूट. तुमाले त पायापायानं वाट ठाऊक असन."

"ठाऊक हाये ना," शेषराव म्हणाले.

टॅक्सीकडे जाताना जनकाबाईंनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "तथी काय झालतं हो तुमच्या दोघाइचं? बुटाशी? मले नीट आठवत नाई आता."

मयुरीने कान टवकारले. गजेंद्रही मागे वळला. बाबांच्या तोंडून मुंबई त्याने आजवर ऐकलीच नव्हती.

शेषरावांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"तथी त लय मजा झाली," ते म्हणाले. "जिना अरुंद. शालू पुढं, मी मागं. अर्ध्यावर गेलो, अन् तिची चप्पल तुटली. मी म्हटलं, चाल, खाली उतरू. त ती म्हणे, उतराचं कशाले? चप्पल हातात घेतली, अन् मले म्हणे, तुमी भेऊ नोका, या माह्या मागं..."